रेखाभ्यास : त्याचा इतिहास व मर्म

गवयानें पहांटे उठून खर्ज साधावा, पहिलवानानें रोज शेंकडों जोर-बैठका काढाव्या, तबलजीनें तोच बोल बोटें दुखेपर्यंत घोटावा, यांत आपल्या लोकांना कांहीं विशेष वाटत नाहीं. उलट ज्यानें अशी मेहनत केली नाहीं त्याच्या गाण्याला अगर कुस्तीला ते नांवें ठेवितात. परंतु चित्रकलेची गोष्ट निघाली कीं हीच शहाणी मंडळी एकाएकीं दैववादी बनते. चित्र काढणें ही उपजत देणगी आहे. ती ज्याला लाभली त्याला लाभली, बाकीच्यांनीं प्रदर्शनाला जावें आणि माना डोलवाव्या, असा एक समज सुशिक्षित समाजांत दृढ झालेला आहे. ‘मला साधी सरळ रेघसुद्धां ओढतां येत नाहीं’ हें वाक्य चांगले पदवीधर लोक ज्या निःसंकोचपणें, किंबहुना थोड्याशा ऐटीनें, उच्चारतात, त्या निःसंकोचपणें ‘मला बेरीज येत नाहीं’ असें कोणी म्हणणार नाहीं. वर्गांत फळ्यावर एखाद्या नदीचा ओघ किंवा यंत्राची साधी आकृति काढण्यास सांगितलें कीं पुष्कळ हुशार विद्यार्थ्यांचा हात थरथरूं लागतो, हा अनुभव आमच्याप्रमाणेंच अनेक शिक्षकांचा असेल. अशा वेळीं हात धडधाकट असतो; धीर मात्र खचलेला असतो.

हा धीर कसा येतो, आणि कोणत्या शिक्षणानें तो जातो, हें पाहण्यास चित्रकलेच्या प्राथमिक अभ्यासाचा इतिहास फार उपयोगी आहे. मोठमोठ्या चित्रकारांचीं चरित्रें पुष्कळ लिहिलीं गेलीं. परंतु रेघा, वर्तुळें, चौकोन आणि छाया या ज्या पायऱ्यांवरून ते चढले, त्या पायऱ्यांकडे वाचकांचें सहसा लक्ष जात नाहीं. या पायऱ्या निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या लोकांनीं बांधल्या. त्यांचा आकार पुष्कळ अंशीं सारखाच आहे. फळें मात्र अगदीं भिन्न आलीं. एकाच अभ्यासानें एके ठिकाणीं माणसें निर्भय झालीं, तर दुसऱ्या ठिकाणीं तीं यंत्रवत् झालीं. असें कां व्हावें, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढें ठेवूं इच्छितों.

प्लिनी या रोमन ग्रंथकारानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक चित्रकारांच्या अनेक कथा नमूद करून ठेविल्या आहेत. त्यांत अपेलीझविषयीं असें सांगितलें आहे कीं, कामाची कितीही गर्दी असली तरी हात चालू राहावा म्हणून रेघ ओढल्यावांचून त्यानें एकही दिवस जाऊं दिला नाहीं. हाच अपेलीझ एकदां रोड्झ बेटावर प्रोटोजिनीझच्या घरीं गेला. यजमान घरीं नव्हता. तेव्हां पाहुण्यानें तेथील एका फळीवर एक अत्यंत बारीक रेघ ओढली आणि तो निघून गेला. घरीं आल्यावर प्रोटोजिनीझनें ती रेघ पाहतांच पाहुणा ओळखला व दुसऱ्या रंगानें तिच्यावरच तिजहून बारीक रेघ ओढली. अपेलीझ पुनः आला आणि त्यानें तिसऱ्या रंगानें त्या दोन्ही रेघांचा छेद केला. पुढें ती फळी रोममध्यें जपून ठेविली होती, आणि मोठमोठ्या चित्रांच्या मेळाव्यांत ही जवळजवळ कोरी दिसणारी फळी लोक कौतुकानें पाहत, असें प्लिनी म्हणतो. कथेंत अतिशयोक्ति असेल; परंतु प्राचीन लोक चित्रकाराची पारख रेघेवरून करीत आणि ती रेघ रोजच्या अभ्यासाचें फळ समजत, एवढें तिजवरून निश्चित दिसतें.

इसवी सन १४०० च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या परंपरेंतील चेनीनो चेनीनी नांवाच्या कारागिरानें चित्रकलेच्या धंद्यावर एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्यांत नवशिक्यानें आरंभ कसा करावा हें मोठ्या जिव्हाळ्यानें सांगितलें आहे. एक वीतभर लांबीरुंदीची गुळगुळीत फळी घ्यावी. हाडें जाळून त्यांची वस्त्रगाळ पूड करावी. ती थुंकीनें कालवून फळीवर सारखी पसरावी. आणि ती वाळली म्हणजे चांदीच्या टोंकाच्या लेखणीनें तिच्यावर सोप्या सोप्या वस्तु काढाव्या. रेघ प्रथम इतकी फिकी असावी कीं ती जेमतेम दिसावी. मग हळूहळू तिजवरून पुनः पुनः हात फिरवून ती ठळक करावी. रोज कांहींतरी काढीत जावें, मग तें कितीही थोडें असो, अशीही त्याची ताकीद आहे. या सर्व खटाटोपाचें मर्म आम्हांस असें वाटतें कीं, त्या फळीवर चूक करणें स्वस्त होतें. त्या काळीं कागद महाग असे. हाडाच्या पुडीचा लेप पुसून नवा दिला कीं फळी पुनः कोरी. जेथें चुकीची किंमत भारी पडत नाहीं तेथें हात आखडत नाहीं.

मराठी वाचकाला ही फळी ओळखीची वाटल्यावांचून राहणार नाहीं. आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेंतील धूळपाटी ती हीच. लांकडी पाटीवर बारीक धूळ किंवा विटांची पूड पसरावी, काडीनें अक्षर काढावें, पाटी हलवावी, कीं अक्षर गेलें आणि पाटी पुनः तयार. ‘धुळाक्षरें’ हा शब्द आज आपण आरंभींच्या कोणत्याही शिक्षणाला लावतों, परंतु मूळचा अर्थ अगदीं शब्दशः धुळींतलीं अक्षरें असाच आहे. धुळाक्षरें झालीं कीं पुढें कित्ता येई. वळणदार अक्षराचा नमुना समोर ठेवावा आणि बोरूनें त्याबरहुकूम ओळीमागून ओळी लिहाव्या. मोडी लिहिणारा कारकून आधीं कागदाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत शिरोरेघ आंखून घेई आणि मग तिच्याखालीं झरझर अक्षरें अडकवीत जाई. ती पहिली रेघ वांकडी गेली तर सगळी ओळ घसरे, आणि हें त्याला सांगण्यास दुसऱ्या कोणाची गरज पडत नसे.

आपल्या घरांतील दारापुढची रांगोळी हाही असाच एक रेखाभ्यास आहे, आणि तो शिकवण्यास कोणतीही शाळा कधीं निघाली नाहीं. चिमटींतून पूड सारखी सुटली पाहिजे. ठिपक्यांच्या रांगा सरळ आल्या पाहिजेत. रेघ ठिपक्याला वळसा घालून जेथून निघाली तेथें परत आली पाहिजे. एक ठिपका चुकला तर आकृति मिटत नाहीं, आणि तें काढणाऱ्या मुलीला तत्काळ कळतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सडा पडतो, कालची रांगोळी नाहींशी होते, आणि नवी काढावी लागते. वर्षांतून तीनशें दिवस हा अभ्यास करणाऱ्या आपल्या आयाबहिणींना आपण रेखाकला जाणतों असें कधीं वाटलें नाहीं, हा आमच्या समाजाच्या दृष्टीचा दोष आहे. त्यांच्या हाताचा दोष नव्हे.

धुळाक्षरें, कित्ता आणि रांगोळी यांत एक गोष्ट समान दिसते. शिकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असें कांहीं तरी असतें, कीं ज्याशीं त्याला आपलें काम स्वतःच ताडून पाहतां येतें. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढील इतिहास त्याच्याभोंवतींच फिरणारा आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपांत रेखाकला ही चित्रकारांच्या व श्रीमंतांच्या मुलांसाठीं होती. ती प्रत्येक मुलाला आली पाहिजे, असें आग्रहानें सांगणाऱ्यांत स्वित्झर्लंडमधील पेस्टालोझी हा शिक्षणवेत्ता अग्रगण्य होय. १८०१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें असें प्रतिपादन केलें, कीं लिहिण्याच्या आधीं रेखणें आलें पाहिजे. कारण अक्षर हीसुद्धां एक आकृतिच आहे, आणि ज्याच्या डोळ्याला लांबी, कोन व वळण मोजतां येत नाहीं तो अक्षर काय काढणार? १८०३ मध्यें त्यानें आपल्या बुस नांवाच्या सहकाऱ्याच्या साहाय्यानें आकृतीची बाराखडी म्हणतां येईल असें एक पुस्तक काढलें. त्यांत आडवी रेघ, उभी रेघ, कोन, चौरस, चौरसाचे भाग, मग वर्तुळाचे खंड अशी चढती मालिका होती. मुलांनीं हें सर्व पाटीवर काढावयाचें.

पेस्टालोझीची एक युक्ति आम्हांस फार मार्मिक वाटते. शिंगाचे पातळ, पारदर्शक पत्रे घेऊन त्यांवर त्यानें रेघा व अक्षरें कोरविलीं होतीं. मुलानें पाटीवर आकृति काढावी, तो पत्रा तिजवर ठेवावा, आणि आपली रेघ कोठें सुटली हें स्वतःच पाहावें. म्हणजे गुरुजीनें छडी उगारण्याच्या आधींच मुलगा आपला परीक्षक होई. पेस्टालोझीच्या पद्धतीचें शुष्क सांगाडे पुढें त्याच्या अनुयायांनीं देशोदेशीं नेले. कित्येक शाळांतून मुलांना महिनेच्या महिने नुसत्या रेघा काढाव्या लागल्या, आणि रेघ कशासाठीं हें कोणीच सांगेना. चौरस राहिला आणि शिंगाचा पत्रा हरवला, असें या सर्व प्रकाराचें वर्णन करतां येईल.

याच सांगाड्याला सरकारी रूप मिळालें तें इंग्लंडांत. आपला माल कारागिरीच्या दृष्टीनें फ्रेंच मालापुढें फिका पडतो, या चिंतेनें इंग्रज सरकारनें १८३७ मध्यें लंडनला एक आकृतिशाळा काढली. पुढें १८५१ चें जगप्रसिद्ध औद्योगिक प्रदर्शन भरलें. त्यांत हिंदुस्थानांतून आलेलें विणकाम व नक्षीकाम पाहून तेथील जाणत्या टीकाकारांनीं आपल्या देशाच्या यंत्रोत्पन्न मालाला नांवें ठेविलीं आणि रंग व नक्षी कशी असावी हें या हिंदी मालापासून शिकावें असें लिहिलें. त्यानंतर लगेच, १८५२ मध्यें, हेन्री कोल याच्या हातीं कलाशिक्षणाचें खातें आलें. त्यानें व रिचर्ड रेडग्रेव्ह यानें मिळून सर्व देशासाठीं एक अभ्यासक्रम आंखला. त्याच्या तेवीस पायऱ्या होत्या. पहिली पायरी उपकरणांच्या साहाय्यानें रेघा काढण्याची; दुसरी सपाट नमुन्यावरून मुक्तहस्त बाह्यरेखा काढण्याची; मग घन वस्तु, मग छाया, मग मानवाकृति, मग फुलेंपानें, मग रंग; आणि अगदीं शेवटच्या दोन पायऱ्यांवर स्वतःची रचना. बहुतेक विद्यार्थी खालच्या चार-दोन पायऱ्यांवरच जन्म काढीत, आणि ज्यासाठीं हा सर्व खटाटोप त्या रचनेचें त्यांना दर्शनही होत नसे.

पायऱ्या पुष्कळ होत्या यांत फारसें वाईट नव्हतें. खरी गोम पुढेंच आहे. पुढें शिक्षकांचें वेतन व शाळांचें अनुदान विद्यार्थ्यांच्या परीक्षांच्या निकालांवर अवलंबून ठेवण्यांत आलें. चित्रें लंडनला जात, तेथील परीक्षक तीं पाहत व बक्षिसें ठरवीत. मग सहजच जें परीक्षकाच्या डोळ्यांत भरेल तें करण्याकडे सर्वांचा ओढा लागला. प्लास्टरच्या एका मूर्तीचें छायाचित्रण करण्यांत विद्यार्थी महिनेच्या महिने घालवूं लागले. खडूचे बारीक बारीक ठिपके द्यावे, पावाच्या गोळीनें ते उचलावे, पुनः द्यावे, अशी ती तपश्चर्या असे. हाताला सफाई येई यांत शंका नाहीं. परंतु तें चित्र बरें कीं वाईट, हें ठरविणारा न्यायाधीश शेंकडों मैलांवर बसलेला असे. ज्याचें काम त्याला तें कळण्याचा मार्गच उरला नाहीं. जो मनुष्य दुसऱ्याच्या शेऱ्यावांचून आपलें काम ओळखूं शकत नाहीं, त्याला कौशल्य कितीही आलें तरी धीर येत नाहीं. नमुना काढून घेतला कीं त्याची बोटें थबकतात.

आतां योगायोग असा, कीं १८५७ या एकाच वर्षीं तीन गोष्टी घडल्या. कोलचें खातें व संग्रहालय लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागांत स्थिर झालें, आणि त्यामुळें त्याच्या पद्धतीला तेंच नांव पडलें. त्याच वर्षीं मुंबईंत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या नांवाची कलाशाळा सुरू झाली. आणि त्याच वर्षीं जॉन रस्किन यानें रेखाकलेच्या मूलतत्त्वांवरील आपलें छोटें पुस्तक प्रसिद्ध केलें. या तिहींचा एकत्र विचार केला असतां आमचा मुद्दा स्पष्ट होईल.

रस्किन हा १८५४ पासून लंडनच्या कामकरी लोकांच्या कॉलेजांत संध्याकाळीं रेखाकला शिकवीत असे. त्याच्या वर्गांत सुतार व इतर कारागीर येत. सुताराला चित्रकार बनवावें असा आपला हेतु नाहीं, तो सुतार म्हणूनच अधिक सुखी व्हावा एवढीच इच्छा आहे, असें त्यानें एका सरकारी चौकशीमंडळापुढें सांगितलें. त्याच्या पुस्तकांतील पहिला अभ्यास पाहिला तर कोलची पहिली पायरीसुद्धां मनोरंजक वाटावी, इतका तो रुक्ष आहे. इंचभर चौरस काढावा आणि टांकानें बारीक आडव्यातिडव्या रेघा मारून तो सगळीकडे सारखा करडा होईल असा भरावा, एवढेंच. परंतु त्यांतील खुबी पुढें आहे. कोठें फिकें राहिलें तर तेथें आणखी रेघा भराव्या. कोठें गडद झालें तर चाकूच्या टोंकानें हळूच खरवडावें. आणि चौरस एकसारखा दिसेपर्यंत सोडूं नये. येथें नमुनाही नाहीं आणि परीक्षकही नाहीं. सारखेपणा हें एकच मोजमाप, आणि तें पाहणारा डोळा शिकणाऱ्याचाच. दहा चौरस भरतां भरतां त्या डोळ्याला असे सूक्ष्म भेद दिसूं लागतात कीं जे पहिल्या दिवशीं मुळींच दिसत नव्हते. हात सुधारला कीं नाहीं हा प्रश्न दूरच राहो, पाहणें सुधारलें.

पुढें रस्किन विद्यार्थ्याला रस्त्यावरचा एक गोलसर दगड उचलून आणण्यास सांगतो आणि त्याची गोलाई कागदावर आणण्याचा आग्रह धरतो. तें साधलें तर जगांतील दुसरी कोणतीही वस्तु साधेल, असा त्याचा दावा आहे. हा दगडही शिंगाच्या पत्र्यासारखाच आहे. चित्र आणि दगड शेजारीं ठेवले कीं दोहोंतील अंतर सांगण्यास गुरु लागत नाहीं. साउथ केन्सिंग्टनची पद्धति आणि रस्किनची पद्धति यांत अभ्यासाच्या रुक्षतेचा भेद नव्हता, हें आम्ही पुनः सांगतों. दोन्हींकडे घाम गाळावा लागे. न्यायाधीशाचें आसन कोठें मांडावें, हा त्यांच्यांतला खरा भेद होता.

आतां मुंबईकडे वळूं. सर जमशेटजी यांनीं १८५३ मध्यें एक लाख रुपये देऊं केले, आणि चार वर्षांनीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या जागेंत रेखाकलेचे वर्ग भरूं लागले. १८६५ मध्यें जॉन ग्रिफिथ्स आणि लॉकवुड किपलिंग हे दोघे शिक्षक इंग्लंडाहून आले. त्यांच्याबरोबर अर्थातच साउथ केन्सिंग्टनची पद्धति, तिचे नमुने आणि ग्रीक-रोमन मूर्तींचे प्लास्टरचे ठसेही आले. ज्या देशाचें नक्षीकाम पाहून इंग्रजांनीं आपली शाळा सुधारली, त्याच देशाच्या मुलांना त्या सुधारलेल्या शाळेचे नमुने गिरविण्यास मिळाले, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा.

तरीही या शाळेला सरसकट दोष देणें अन्यायाचें होईल. ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत, मध्यें कांहीं खंड पडून, आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्यास नेलें व तेथील भिंतींवरील चित्रांच्या प्रतिकृति करविल्या. एका दृष्टीनें हें गिरविणेंच होतें. परंतु हा कित्ता वेगळा होता. लेण्यांतला उजेड अपुरा, रंग उडालेले, पोपडे गळालेले, कोठें बोटें आहेत तर मनगट नाहीं, कोठें डोळा आहे तर गाल नाहीं. येथें सपाट छापील नमुन्याप्रमाणें डोळे मिटून रेघ उतरवितां येत नव्हती. ही रेघ कोठून निघाली असेल, कोठें गेली असेल, हें विद्यार्थ्याला मनाशीं ठरवावें लागे. तेथील लांब, वळणदार रेघा जुन्या चित्रकारांनीं एकाच जाडीनें आणि कुंचल्याच्या एकाच फटकाऱ्यांत ओढल्या आहेत, भिंतीवरच नव्हे तर छतावरसुद्धां, याचें आश्चर्य ग्रिफिथ्स यांनीं स्वतः नमूद केलें आहे. ज्या विद्यार्थ्यांचे हात छायेचे ठिपके देण्यास सरावले होते, त्यांना येथें छायेवांचून केवळ रेघेनें देहाची गोलाई दाखविणारे गुरु भेटले. त्या प्रतिकृतींपैकीं पुष्कळ १८८५ मध्यें साउथ केन्सिंग्टन येथें लागलेल्या आगींत जळाल्या, आणि उरलेल्या श्रमांचें फळ १८९६–९७ मध्यें दोन मोठ्या खंडांच्या रूपानें प्रसिद्ध झालें. प्रतिकृति जळाल्या, परंतु त्या करतांना जी नजर तयार झाली ती कोणत्याही आगीनें जळण्यासारखी नव्हती.

दुसरीकडे, त्याच पद्धतीची परीक्षेची बाजूही येथें रुजली, आणि ती आजही उभी आहे. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या रेखाकलेच्या परीक्षा ठाऊक नाहींत असें महाराष्ट्रांत एकही शाळेचें गांव सांपडणार नाहीं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिति व अक्षरलेखन हे शब्द खेड्यापाड्यांतील मुलांच्या तोंडीं आहेत, आणि आतां तर या परीक्षेंतील श्रेणीवर शालान्त परीक्षेंत वाढीव गुणही मिळूं लागले. या परीक्षांनीं गरीब मुलांच्या हातीं पेन्सिल दिली आणि गांवोगांवीं चित्रकलेचा एक तरी शिक्षक टिकविला, हा त्यांचा उपकार मोठा आहे. तो नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु घागर आणि केळें यांची ठराविक मांडणी पाठ करून, तीवर ठराविक छाया टाकून, श्रेणीची वाट पाहणारा मुलगा आणि खडूचे ठिपके देऊन लंडनच्या निकालाची वाट पाहणारा विद्यार्थी, यांच्यांत नातें आहे हेंही नाकारतां येत नाहीं. श्रेणी मिळाल्यावर त्यांतील किती मुलें पुनः स्वतःच्या आनंदासाठीं एखादी घागर काढतात, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकानें आपल्या मनाशीं विचारावा.

अभ्यास तोच, नमुनेही तसेच, परंतु न्यायाधीश आंत बसलेला, असें झालें म्हणजे काय होतें याचें उत्तम उदाहरण व्हिन्सेंट व्हॅन गॉग याचें आहे. १८८० सालीं तो सत्तावीस वर्षांचा होता. चित्रविक्रीच्या पेढींतील नोकरी गेलेली, बेल्जमच्या कोळशाच्या खाणींच्या मुलखांतील धर्मप्रचारकाचें काम सुटलेलें, घरच्यांचा विश्वास उडालेला, अशा स्थितींत त्यानें चित्रकार होण्याचें ठरविलें. हातीं कौशल्य असें फार नव्हतें. ज्या गूपील पेढीनें त्याला नोकरींतून काढलें होतें, तिनेंच प्रसिद्ध केलेली शार्ल बार्ग याची रेखाकलेची मालिका त्यानें तिच्याच हेग येथील व्यवस्थापकाकडून मागवून घेतली. या मालिकेचे तीन भाग होते आणि त्यांत एकूण १९७ पट होते. मूर्तींचे डोळे, कान, हात, पाय. एका बाजूला सरळ रेघांनीं बांधलेला कच्चा आराखडा, दुसऱ्या बाजूला पुरें झालेलें चित्र. आणि शेवटीं कोळशानें काढावयाच्या मानवाकृतींचे साठ पट. व्हॅन गॉगनें एका खाणकामगाराच्या लहानशा घरांत बसून ते साठही पट काढले, आणि एकदां काढून थांबला नाहीं. शेजारीं गुरु नव्हता, परीक्षा नव्हती, बक्षीस नव्हतें. पट समोर आणि आपलें चित्र शेजारीं. दोहोंतील अंतर हाच त्याचा गुरु.

भावाला लिहिलेल्या पत्रांतून या अभ्यासाबरोबर त्याचा धीर परत येत गेलेला स्पष्ट दिसतो. पुढील दहा वर्षांत त्यानें काय केलें तें जगाला ठाऊक आहे. परंतु त्याहून बोधप्रद गोष्ट शेवटचीच आहे. १८९० च्या जूनमध्यें, मृत्यूपूर्वीं थोडेच आठवडे, त्यानें भावाकडे पुनः तेच बार्गचे कोळशाचे अभ्यास मागितले. त्या वेळेपर्यंत त्याचीं अनेक उत्तमोत्तम चित्रें काढून झालीं होतीं. तरीही हात व नजर ढिली पडूं नये म्हणून त्याला धुळाक्षरांकडे परत जाण्यांत कमीपणा वाटला नाहीं. चढणाऱ्याला पायरीची लाज कां वाटावी?

येथें एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. व्हिएन्ना येथें फ्रान्झ चिझेक यानें १८९७ मध्यें मुलांसाठीं एक चित्रवर्ग काढला आणि मुलांना गिरवूं देऊं नये, त्यांच्या मनांत येईल तें त्यांना काढूं द्यावें, असा नवा विचार मांडला. त्याच्या मतें रेघांच्या कवाइतीनें मुलाची उपजत कल्पना मरते. हें मत पुढें सर्वत्र पसरलें, आणि लहान मुलांपुरतें तें योग्यच आहे असें आम्हांसही वाटतें. पांच वर्षांच्या मुलाला चौरस भरण्यास लावणें हा अत्याचार होय. परंतु मूल दहा-बारा वर्षांचें झालें म्हणजे एक नवी गोष्ट घडते. आपला घोडा घोड्यासारखा दिसत नाहीं हें त्याचें त्यालाच कळूं लागतें. त्याची नजर हाताच्या पुढें जाते. या क्षणीं त्याला ‘छान आहे, मनाला येईल तें काढ’ असें सांगणें म्हणजे त्याच्या नव्या नजरेचा अपमान करणें होय. मूल अशा खोट्या स्तुतीनें फसत नाहीं. तें पेन्सिल खालीं ठेवतें आणि पुढें जन्मभर ‘मला रेघसुद्धां येत नाहीं’ म्हणत राहतें. नेमका याच वयांत त्याला अभ्यास हवा असतो. हात नजरेच्या बरोबरीला कसा आणावा हें त्यानें विचारलेलें असतें, आणि त्याचें उत्तर रेघेंतच आहे.

अमेरिकेंतील किमोन निकोलायडीझ या शिक्षकाचा, त्याच्या मृत्यूनंतर १९४१ मध्यें प्रसिद्ध झालेला, एक ग्रंथ आहे. त्यांत वस्तूच्या कडेवरून नजर सावकाश फिरवीत, कागदाकडे न पाहतां, रेघ ओढण्याचा अभ्यास सांगितला आहे. चित्र वेडेंवांकडें येतें. यावेंच, अशी अपेक्षा असते. तेवढा वेळ चित्राची भीति बाजूला पडते आणि पाहणें तेवढें उरतें. मग कागदाकडे पाहून दुसरे अभ्यास करावयाचे असतातच. चेनीनीची हाडाची पूड, आपली धूळपाटी आणि ही न पाहतां ओढलेली रेघ, या तिन्हींचें कार्य एकच : चुकीची धास्ती कमी करणें. आणि शिंगाचा पत्रा, रस्किनचा दगड व व्हॅन गॉगचे पट यांचें कार्य त्याच्या जोडीचें : चूक दाखवून देणें. पहिलें असून दुसरें नसेल तर केवळ खेळ होतो. दुसरें असून पहिलें नसेल तर केवळ जाच होतो. दोन्ही एकत्र आलीं म्हणजे शिकणाऱ्याला चूक दिसते आणि तरीही तो पुनः रेघ ओढण्यास भीत नाहीं. आत्मविश्वास म्हणतात तो याहून निराळा नाहीं.

तेव्हां आमच्या शाळांतून रेखाभ्यास काढून टाकावा असें आम्ही म्हणत नाहीं. परीक्षाही बंद करा असें म्हणत नाहीं. एवढेंच सुचवितों, कीं शिक्षकानें मुलाच्या चित्रावर तांबडी पेन्सिल चालविण्याच्या आधीं तें चित्र त्या वस्तूच्या शेजारीं उभें करावें आणि ‘तुला काय दिसतें?’ असें मुलालाच विचारावें. घागरीचा गळा एका बाजूला कलला आहे हें मुलानें स्वतः सांगितलें तर त्या दिवसाचा धडा पुरा झाला. श्रेणी मागाहून येवो न येवो. ज्यांची शाळा सुटून कैक वर्षें लोटलीं अशा वाचकांनाही हाच मार्ग खुला आहे. पाठकोरा कागद, टोंक केलेली पेन्सिल, आणि रोजचीं दहा मिनिटें. आज रेघा, उद्यां वर्तुळें, मग करडे चौरस, मग अंगणांतला एखादा दगड. जुने कागद तारखा घालून जपून ठेवावे आणि महिन्याच्या अखेरीस पहिला व शेवटचा शेजारीं मांडावे. याने कोणी अपेलीझ होणार नाहीं. परंतु दोहोंतील फरक सांगण्यास तेथें दुसऱ्या कोणाची गरज लागणार नाहीं, आणि पुढची रेघ ओढतांना हात पूर्वीइतका कांपणार नाहीं.